सहलीचा पास आणि घरचा हिशेब

परीक्षा संपल्या, मुलांच्या हाती सुट्टी आली, की घराघरांत एकच विषय निघतो : यंदा कोठे जावयाचे? आणि ठिकाण ठरते न ठरते तोच कोणीतरी सुचवितो, ‘‘पास काढून टाकू, मग फिरा पाहिजे तितके.’’ ‘पास’ या शब्दात मोठी जादू आहे. मुलगा परीक्षेत पास झाला म्हणजे जे समाधान वाटते, तसलेच काहीसे समाधान खिशात पास पडला म्हणजे प्रवाशाला वाटते. पुन्हा पुन्हा खिशात हात घालावयास नको, सुट्ट्या पैशांची कटकट नको, आणि आपण काही फुकट मिळविले असा एक गोड समज. परंतु हा समज खरा की खोटा, हे सांगणारे शास्त्र अगदी साधे आहे. चौथीच्या मुलाला येणारा भागाकार पुरतो. तो कोणी करीत नाही, एवढेच.

प्रथम पास म्हणजे काय ते नीट ध्यानी घेऊ. तिकीट म्हणजे एका प्रवासाचे मोल. प्रवास झाला, व्यवहार संपला. पासाचे तसे नाही. जे प्रवास आपण अजून केलेले नाहीत, कदाचित करणारही नाही, त्यांचे पैसे आज एकरकमी देणे म्हणजे पास. म्हणजे हा एक अंदाजाचा सौदा आहे. विकणारा म्हणतो, तुम्ही इतके फिराल. आपण म्हणतो, आम्ही त्याहून जास्त फिरू. विकणाऱ्याजवळ हजारो प्रवाशांचा अनुभव असतो आणि आपल्याजवळ सुट्टीच्या आधीचा उत्साह. या सौद्यात नेहमी कोण जिंकत असेल हे सांगावयास नको. यात विकणाऱ्याची लबाडी आहे असे मात्र नव्हे. गाडी अर्धी रिकामी धावली काय आणि भरून धावली काय, चालकाचा पगार आणि डिझेल तेवढेच लागते. रिकाम्या बाकावर पासवाला बसला तर त्याचे पैसे वरकड मिळाले. शिवाय ते आधीच हाती येतात. म्हणून पास स्वस्तात देणे त्यालाही परवडते. दोघांचाही फायदा होऊ शकतो. प्रश्न एवढाच, की आपल्या घरच्या माणसांना तो होतो का?

आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला सर्वांत जवळचा पास म्हणजे आपल्या एस. टी. चा. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, आणि पुढे चाळीस वर्षांनी, १९८८ साली, ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना निघाली. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे. तीन शब्दांत सगळी सुट्टी डोळ्यांपुढे उभी राहते. आज हा पास चार दिवसांचा आणि सात दिवसांचा असा दोन प्रकारचा मिळतो. २०२५ साली महामंडळाने त्याचे दर बरेच उतरविले. साध्या गाडीचा चार दिवसांचा पास मोठ्या माणसाला १,३६४ रुपये आणि मुलाला ६८५ रुपये. सात दिवसांचा मोठ्या माणसाला २,३८२ रुपये असे ते नवे दर होते. पुढेमागे हे आकडे बदलतील. ज्या वर्षी आपण निघाल त्या वर्षीचे आकडे स्थानकावर विचारून घ्यावेत. रीत मात्र बदलणार नाही, आणि मला येथे रीतच सांगावयाची आहे.

एस. टी. चे भाडे टप्प्याने आकारले जाते, आणि एक टप्पा सहा किलोमीटरांचा. २०२५ च्या जानेवारीत भाडेवाढ झाली तेव्हा साध्या गाडीचा दर टप्प्याला १० रुपये ५ पैसे असा ठरला. आता भागाकार करा. १,३६४ ला १०.०५ ने भागले की जवळजवळ १३६ टप्पे येतात; त्यांचे किलोमीटर झाले सुमारे ८१४. म्हणजे चार दिवसांत आठशे चौदा किलोमीटरपेक्षा जास्त प्रवास करणार असाल तर पास स्वस्त; त्याहून कमी, तर तिकीट स्वस्त. रोजचे सरासरी दोनशे किलोमीटर पडले. सात दिवसांच्या पासाचा हिशेबही असाच केला तर उंबरठा १,४२२ किलोमीटरांवर येतो, म्हणजे तेथेही रोजचे दोनशेच. हा दोनशेचा आकडा ध्यानात ठेवा. साधी गाडी थांबे घेत ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटर पुढे सरकते. दोनशे किलोमीटर म्हणजे पाच-सहा तास बाकावर. रोज पाच-सहा तास बसमध्ये बसावयाचे आणि उरलेल्या वेळात उतरणे, जेवणे, झोपणे आणि पाहणे. हे ज्यांना जमते त्यांच्यासाठी हा पास आहे.

आता प्रत्यक्ष एक सहल मांडून पाहू. आपल्या गावाहून निघून वेरूळ–अजिंठा पाहून यावे, यासारखी सहल वाशीमकराला दुसरी नाही. अजिंठ्याशी आपले नाते शेजारधर्माचे नाही, घरचे आहे. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतील हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले आणि तसा लेखही तेथे कोरून ठेवला. पंधराशे वर्षांपूर्वी आपल्या गावातील राजसत्तेचा हात त्या डोंगरापर्यंत पोचला होता, आणि आपल्यातील कितीतरी जणांनी ती लेणी अजून पाहिलेली नसतील. असो. वाशीमहून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, सव्वादोनशे किलोमीटर धरू. पहिल्या दिवशी तेथे जावयाचे. दुसऱ्या दिवशी वेरूळ, जाऊन-येऊन साठ. तिसऱ्या दिवशी अजिंठा, जाऊन-येऊन दोनशे. चौथ्या दिवशी परत वाशीम. एकूण बेरीज ७१० किलोमीटर. उंबरठा होता ८१४ चा. पूर्ण तिकीट घेणाऱ्या माणसाला या सहलीचे भाडे सुमारे १,२०० रुपये पडेल आणि पास पडेल १,३६४ ला. म्हणजे चारही दिवस एस. टी. त बसून, अजिंठा-वेरूळ दोन्ही पाहून, पासवाला दीडशेच्या वर रुपये गमावून घरी येतो! आणि येताना ‘‘पास काढला म्हणून बरे झाले’’ असे म्हणतच येतो.

पण हा झाला एकट्या माणसाचा हिशेब. सहलीला निघते ते घर. आणि घराचा हिशेब निराळा असतो, कारण घरातल्या प्रत्येक माणसाचे तिकीट सारखे नसते. येथेच खरी मेख आहे आणि येथेच बहुतेक कुटुंबांचे पैसे जातात. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्याच्या हद्दीत एस. टी. चा प्रवास मोफत आहे. पासष्ट ते पंचाहत्तर या वयाच्या माणसांना अर्धे तिकीट. मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे, त्याहून लहानांना काहीच नाही. पासाला मात्र मोठे माणूस आणि मूल एवढे दोनच भेद ठाऊक. आजी असो, आई असो, पासाच्या खिडकीवर ती पूर्ण आकाराचे मोठे माणूस.

सहा माणसांचे एक घर कल्पनेने उभे करा. आजोबा शहात्तर वर्षांचे, आजी अडुसष्टच्या, आई, वडील, दहा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. आपण वर मांडलेल्या सहलीत आजोबांचे तिकीट शून्य. आजींचे सहाशे. आईचे सहाशे. वडिलांचे बाराशे. मुलांचे सहाशे-सहाशे. बेरीज ३,६०० रुपये. आता याच सहाजणांचे पास काढू. मोठी माणसे चार, प्रत्येकी १,३६४ प्रमाणे ५,४५६, मुले दोन, ६८५ प्रमाणे १,३७०, एकूण ६,८२६. फरक ३,२२६ रुपयांचा! ज्यांना सरकारने फुकट बसविले त्या आजोबांच्या नावाने आपण साडेतेराशे रुपये भरले. आजी आणि आई यांची अर्ध्या भाड्याची सवलत आपल्या हाताने परत केली. तीन हजार रुपये म्हणजे मध्यम घराच्या सहलीत थोडी रक्कम नव्हे. त्यात दोन रात्रींचा साधा मुक्काम निघतो. पुष्कळ घरांत तर ‘‘खर्च फार होईल, आजी-आजोबा घरीच राहू देत’’ असे जे ठरते, ते असल्याच चुकीच्या बेरजेवर ठरते. वस्तुतः त्या बेरजेत सर्वांत स्वस्त माणसे तीच असतात.

आईच्या पासाचा उंबरठा काढून पाहा. तिला अर्धे तिकीट, म्हणून पास वसूल होण्यास दुप्पट अंतर : चार दिवसांत १,६२८ किलोमीटर, रोज चारशेच्या वर. ताशी चाळीसच्या वेगाने रोज दहा तास बसमध्ये. ही सहल नव्हे, शिक्षा आहे. स्त्रीने साध्या गाडीचा हा पास काढावा असा प्रसंग मला तरी कल्पिता येत नाही. मुलांचे तसे नाही. मुलाचे तिकीट अर्धे आणि पासही अर्धा, म्हणून त्याचा उंबरठा वडिलांएवढाच, ८१४ चा. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की पासात कोणी बदल केला नाही. १९८८ साली घरातल्या सर्वांसाठी जो सौदा विचारात घेण्याजोगा होता, तो आजूबाजूच्या सवलतींमुळे निम्म्या घरासाठी निरर्थक झाला. पास आपल्या जागी आहे. त्याच्या भोवतालचा बाजार हलला. घरात मात्र ‘पास स्वस्त पडतो’ हे वाक्य वाडवडिलांपासून चालत आले, ते तसेच चालू आहे.

मग हा पास कोणी काढावा? ज्याला पूर्ण तिकीट पडते आणि ज्याची कंबर मजबूत आहे अशा पुरुषाने. समजा, एखादा तरुण वाशीमहून पुण्यास गेला, तेथून महाबळेश्वर, मग कोल्हापूर, कोल्हापुराहून घाट उतरून रत्नागिरी आणि परत, पुढे पंढरपूर, सोलापूर, तुळजापूर, आणि लातूर–नांदेड–हिंगोलीवरून घरी. ढोबळ मानाने ही साडेसोळाशे किलोमीटरांच्या वरची फेरी होते. तिकिटे काढली तर २,८०० च्या घरात जातील. सात दिवसांचा पास २,३८२ ला. चारशे रुपये वाचले. पण सात दिवसांत त्याने रत्नागिरीचा समुद्र किती वेळ पाहिला असेल, हा प्रश्न हिशेबाच्या वहीत येत नाही. फेरीविक्री करणारे, देवदर्शनाच्या यात्रा एका दमात करणारे, गडकोटांच्या नादाने भटकणारे यांना हा पास लाखमोलाचा आहे, आणि त्यांनी तो जरूर काढावा.

पासाची दुसरी एक बाजू सांगितली जाते : वाटेत वाटेल तेथे उतरता येते. खरे आहे. पण एस. टी. च्या तिकिटातही ते जवळजवळ फुकटच आहे, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. भाडे टप्प्याटप्प्याने सरळ वाढत जाते. लांबचा प्रवास म्हणून टप्प्यामागे काही सूट नाही. तेव्हा वाशीमहून जाताना सिंदखेडराजाला उतरून जिजाऊंचे जन्मस्थान पाहिले आणि पुढच्या गाडीने वेगळे तिकीट काढून गेलात, तर फार तर एखाद्या टप्प्याचे दहा रुपये जास्त जातील. दहा रुपयांच्या सोयीसाठी हजाराचा पास घेण्याचे कारण नाही. शिवाय पास म्हणजे जागा नव्हे. मे महिन्यात भरलेल्या गाडीत पासवालाही उभाच राहतो. आरक्षण हवे तर त्याची व्यवस्था निराळी करावी लागते.

दिवस मोजण्याची रीतही पाहावी. पासाचा दिवस मध्यरात्रीला सुरू होतो आणि मध्यरात्रीला संपतो, आणि हे दिवस सलग असतात. मध्ये एक दिवस नातेवाइकांकडे मुक्काम केला तर तो दिवस बुडाला. संध्याकाळच्या गाडीने निघणाऱ्याने पासाचा पहिला दिवस जवळजवळ फुकट घालविलेला असतो. आणि ज्या दिवशी ठिकाणच बंद असेल त्या दिवसाचे काय? अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. रविवारी वाशीमहून निघालेल्या मंडळींनी सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा पाहिला तर सहल सफळ. उलट केले तर दोन्ही दिवशी कुलूप पाहून यावे लागेल. अशा वेळी तिकीटवाला एक दिवस जास्त राहू शकतो; पासवाल्याचे घड्याळ थांबत नाही. फर्दापूर फाट्यापासून लेण्यांपर्यंत जाणाऱ्या वेगळ्या गाडीचा आणि लेण्यांच्या प्रवेशाचा खर्चही हिशेबात धरावा. प्रवेशाचे एक बरे आहे : पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना पैसे पडत नाहीत.

आता शहराकडे वळू, कारण शहरांतील पासांचा गणिताशी संबंध असला तरी तेथे अंतरे लहान असतात आणि म्हणून हिशेबही निराळा होतो. पुण्याचेच घ्या. २०२५ च्या जूनमध्ये तेथील पी. एम. टी. चे (आता पी. एम. पी. म्हणतात, पण जुन्या माणसांच्या तोंडी जुनेच नाव) दर वाढले. पाच किलोमीटरपर्यंत दहा रुपये, दहा किलोमीटरपर्यंत वीस, आणि दिवसाचा पास सत्तरचा. स्वारगेटहून शनिवारवाडा दहा रुपये. तेथून आगाखान पॅलेस वीस आणि परत वीस. झाले पन्नास, पास काढला असता तर वीस रुपये नुकसान. त्यातच कात्रजचे प्राणिसंग्रहालय घातले तर जाऊन-येऊन आणखी चाळीस. एकूण नव्वद, म्हणजे आता पासाने वीस रुपये वाचविले. (ते संग्रहालय बुधवारी बंद असते, हे आधी पाहावे.) म्हणजे एका दूरच्या ठिकाणाने पारडे फिरते. परंतु शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, तुळशीबाग, कसब्याचा गणपती ही ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. ती पाहावयास बसचा पास काढणे म्हणजे अंगणातून ओसरीवर जाण्यासाठी बैलगाडी जुंपणे होय. जुन्या शहरांचे हेच असते. जेथे पाहण्याजोग्या वस्तू दाटीने आहेत तेथे पाय हाच सर्वांत स्वस्त पास. जेथे त्या विखुरलेल्या आहेत तेथेच गाडीच्या पासाचा विचार करावा.

मुंबईत बेस्टचा दिवसाचा पास २०२५ च्या मे महिन्यापासून पंच्याहत्तरचा झाला आणि साध्या गाडीचे कमीत कमी तिकीट दहाचे. आखूड अंतरांचे सात-आठ प्रवास झाल्याखेरीज तो फिटत नाही. आणि पाहुण्या कुटुंबाचे दिवसाला चार-पाच प्रवासांहून जास्त होतच नाहीत, हे ज्यांनी लहान मुलांना घेऊन मुंबई दाखविली आहे त्यांना सांगण्याची गरज नाही. दिल्लीच्या मेट्रोचे एका दिवसाचे पर्यटक कार्ड वर्षानुवर्षे दोनशे रुपयांना मिळत आले आहे, त्यांपैकी पन्नास अनामत म्हणून परत मिळतात. राहिले दीडशे. एका दिवसात दीडशे रुपयांचा मेट्रोप्रवास करावयाचा तर दिल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जा-ये केली पाहिजे.

याउलट मुंबईतच एक खरी बचतीची सोय आहे, आणि तिला कोणी पास म्हणत नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, २०१७ साली जे दर ठरले त्यांत मोठ्यांना पन्नास, लहानांना पंचवीस, आणि आईवडील व दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबाला मिळून शंभर. सुटी तिकिटे काढली असती तर दीडशे झाले असते. येथे अंदाज नाही, सौदा नाही, पुढच्या प्रवासाची पैज नाही. चौघे दारात उभे आहेत, चौघे आत जाणार आहेत. पन्नास वाचले ते वाचले. कुटुंबाचे तिकीट आणि पास यांतला हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. कुटुंबाचे तिकीट माणसे मोजते. पास आपली चपळाई मोजतो. आणि आजी व आठ वर्षांची नात बरोबर असताना चपळाईवर पैज लावू नये.

अनेक ठिकाणे मिळून एकच तिकीट, असाही एक प्रकार आहे. जयपूरला आमेर, हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल, नाहरगड अशी सरकारी ताब्यातील ठिकाणे एकत्रित तिकिटावर दोन दिवसांत पाहता येतात, आणि तेथे ते बहुधा फायद्याचे ठरते, कारण जयपूरला गेलेला माणूस आमेर आणि हवामहल पाहिल्याशिवाय परतत नाही. मात्र तेथील ‘सिटी पॅलेस’ हा राजघराण्याच्या व्यवस्थेखालचा असल्याने त्या तिकिटात येत नाही. दारावर गेल्यावर ते कळते आणि मन खट्टू होते. असल्या तिकिटांच्या यादीत काय आहे हे सगळे वाचतात. काय नाही हे वाचण्याची सवय लावून घ्यावी. यादीतली किती ठिकाणे आपण पासाविना देखील पाहिली असती, यावर खूण करावी आणि फक्त तेवढ्यांचीच तिकिटे बेरजेत धरावीत. जे ठिकाण पासात आहे म्हणूनच पाहावयाचे, त्याचे तिकीट ‘वाचले’ असे म्हणणे म्हणजे न लागणारे भांडे सवलतीत घेऊन पैसे वाचविल्याचा आनंद मानणे.

परदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांना हाच प्रश्न पडतो, आणि उत्तरही हेच. पॅरिसच्या संग्रहालयांचा पास दोन, चार किंवा सहा दिवसांचा असतो. परंतु तेथील बहुतेक मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांत अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश फुकट आहे, तेव्हा तेथे हिशेब आईवडिलांपुरताच मांडावयाचा. स्वित्झर्लंडमध्ये आईबापांजवळ रेल्वेचा पास असेल तर सहा ते पंधरा वर्षांची मुले कुटुंबकार्डावर फुकट जातात, म्हणून तेथे पासाचे पारडे जड होते. आणि जपानची गोष्ट तर अवश्य ऐकण्याजोगी आहे. तेथील सात दिवसांच्या रेल्वेपासाबद्दल प्रवाशांत एक ठोकताळा रूढ होता : तोक्यो ते क्योतो जाऊन आलात की पास जवळजवळ फिटला. पास होता २९,६५० येनांचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो एकदम ५०,००० येनांचा झाला. ठोकताळा एका रात्रीत खोटा पडला. पण ठोकताळे माणसांच्या तोंडी राहतात, आणि त्यांवर विसंबून लोक पास काढीतच राहतात. आपल्याकडच्या आजी-आईच्या पासाचे जे झाले, तेच हे. फक्त तेथे पास वर गेला, येथे तिकीट खाली आले.

पैशांपलीकडेही पासाचा एक परिणाम होतो, त्याविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. पास काढलेल्या घरात ‘वसूल’ नावाचा रोग शिरतो. ‘‘पास आहे ना, मग तेही पाहून टाकू.’’ ‘पाहून टाकू’ हा शब्दप्रयोगच पाहा. वेरूळच्या कैलासासमोर मुलगा तोंड उघडे टाकून उभा असतो, त्याला हत्ती मोजावयाचे असतात. आणि वडील घड्याळ पाहून म्हणतात, ‘‘चला, अजून दौलताबाद राहिले आहे.’’ पैसे वसूल झाले, कैलास मात्र बुडाला. मी असे म्हणत नाही की पास वाईट. रांगेत उभे राहण्याचा त्रास वाचत असेल, वृद्धांना खिडकीवर ताटकळावे लागत नसेल, तर त्यासाठी थोडे जास्त देण्यात कमीपणा नाही. पण तो सोयीचा खर्च आहे असे स्वतःला स्पष्ट सांगून द्यावा. बचत म्हणून देऊ नये. आणि असेही घरचे कर्ते पुरुष असतात की ज्यांचा जीव प्रत्येक तिकिटाला वरखाली होतो. एकदा पैसे देऊन मोकळे झाले की ते हसू-बोलू लागतात. अशा घरात शंभर रुपये जास्त गेले तरी पास स्वस्त पडला, असे त्यांच्या पत्नीला वाटत असल्यास मी वाद घालणार नाही.

राहता राहिली रेल्वे. अकोला–पूर्णा मार्ग २००८ साली रुंद झाल्यापासून आपल्याला हैदराबाद दारात आल्यासारखे झाले आहे, आणि सालारजंग संग्रहालय व चारमिनार पाहावयास जाणारी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ. (सालारजंग शुक्रवारी बंद.) तेथे मात्र वर सांगितलेला हिशेब उलटा मांडावा लागतो. एस. टी. च्या सवलती राज्याच्या हद्दीत चालतात. रेल्वेत स्त्री म्हणून सूट नाही, आणि ज्येष्ठांची जी सवलत होती ती मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र शायिका हवी असल्यास २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. न घेता आईजवळ निजविले तर अर्धे. आणखी एक गोष्ट : एस. टी. च्या भाड्याप्रमाणे रेल्वेचे भाडे सरळ वाढत नाही. अंतर जितके लांब तितका किलोमीटरमागे दर कमी होत जातो. म्हणून रेल्वेत प्रवासाचे तुकडे करणे महाग पडते. ज्यांना निरनिराळ्या गावी उतरत मोठी फेरी मारून निघाल्या ठिकाणीच परत यावयाचे असेल त्यांच्यासाठी रेल्वेचे चक्राकार प्रवासाचे तिकीट आहे. सगळ्या फेरीचे अंतर निम्मे-निम्मे करून दोन लांब प्रवास धरतात व त्याप्रमाणे भाडे लावतात, आणि वाटेत आठपर्यंत मुक्काम करता येतात. हे तिकीट साध्या खिडकीवर हाताहात मिळत नाही. फेरीचा मार्ग लिहून अर्ज आधी द्यावा लागतो, आणि मग प्रत्येक गाडीचे आरक्षण वेगळे करावे लागते; तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना दक्षिणेकडे जावयाचे आहे त्यांनी पावसाळ्यातच मार्ग कागदावर मांडून चौकशीला लागावे.